उशिरां आलेल्यांची मजुरी

धर्मग्रंथ एकांतांत वाचावा कीं चारचौघांत बसून वाचावा, हा प्रश्न प्रथमदर्शनीं केवळ सोयीचा वाटतो. ज्याला सवड आहे त्यानें एकट्यानें वाचावें, ज्याला अक्षरओळख नाहीं त्यानें दुसऱ्याच्या तोंडून ऐकावें, इतकेंच त्याचें उत्तर, असें आम्हीही फार दिवस समजत होतों. हा प्रश्न सोयीचा नसून नीतीचा आहे, ही गोष्ट आमच्या ध्यानांत आली ती देवणी येथें, एका घराच्या पडवींत बसून मत्तयकृत शुभवर्तमानाचा विसावा अध्याय ऐकत असतां.

देवणीचें नांव दूरवर गेलें आहे तें तेथील गोवंशामुळें. काळ्यापांढऱ्या अंगाचीं, लोंबत्या कानांचीं तीं जनावरें औतास जितकीं उपयोगी तितकींच दुधासही. आपलें नांव जनावरांच्या एका जातीस मिळावें, हें भाग्य फार थोड्या गांवांच्या वांट्यास येतें. गांव मात्र सीमेवरचें. १९४८ पर्यंत तें निजामाच्या राज्यांत होतें. १९५६ पर्यंत उदगीर तालुक्याबरोबर बीदर जिल्ह्यांत मोडत होतें. पुढें राज्यपुनर्रचनेंत तें मराठी मुलखाकडे आलें, आणि १९८२ सालीं लातूर जिल्हा निराळा झाला तेव्हां त्या जिल्ह्यांत गेलें. त्यामुळें येथील बाजारांत मराठीच्या जोडीस कानडी आणि उर्दू सहज कानीं पडते. बीदरच्या बाजूस मेथडिस्ट मिशनचें काम जुनें आहे, व या भागांत लहान लहान ख्रिस्ती मंडळ्या ठिकठिकाणीं आढळतात. त्यांपैकीं एका मंडळींतील आमच्या स्नेह्यानें आम्हांस त्यांच्या साप्ताहिक शास्त्रवाचनास बोलाविलें. आम्ही त्या धर्माचे नव्हे, हें त्यांस ठाऊक होतें. आणि 'ऐकावयास धर्म लागत नाहीं' असें ते हंसून म्हणाले, म्हणून आम्ही गेलों.

आपल्याकडे ग्रंथ मिळून वाचण्याची चाल नवी नाहीं. ज्ञानेश्वरीचें पारायण, हरिनाम सप्ताह, चातुर्मासांतील पोथी, या सर्वांत श्रोत्यांचा मेळा असतोच. नांदेडच्या गुरुद्वारांत ग्रंथसाहेबाचा पाठही संगतीसमोर चालतो. परंतु या ठिकाणीं श्रोत्याचें काम मुख्यत्वें ऐकण्याचें असतें. पोथी सांगणारे शास्त्रीबोवा मध्येंच थांबून 'तुम्हांस हें पटतें काय?' असें विचारीत नाहींत, आणि विचारलें तरी 'नाहीं पटत' असें उत्तर देणारा श्रोता विरळाच. देवणीच्या त्या पडवींत रीत निराळी होती. ज्यांस वाचतां येई ते आळीपाळीनें चार चार वचनें वाचीत. मग पाळक विचारीत, 'कोणास काय वाटलें?' आणि ज्यास जें वाटेल तें तो बोले. मंडळी दहाबारा. त्यांत निवृत्त झालेले एक प्राथमिक शिक्षक होते. त्यांनीं नोकरीच्या पैशांतून चार एकर जमीन घेतली होती, व सर्व जण त्यांस गुरुजी म्हणत. दोन तरुण होते, पांचसहा बायका होत्या, आणि अगदीं दारापाशीं, चपलांच्या जवळ, एक वयस्क बाई बसल्या होत्या. त्यांस वाचतां येत नव्हतें. परंतु कोणीं एखादा शब्द गाळला तर तो त्याच भरून काढीत. दिवस सोयाबीनच्या काढणीचे होते. जवळजवळ प्रत्येकाचे हात खरचटलेले होते.

त्या संध्याकाळचा भाग द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला हा होता. तो चार शुभवर्तमानांपैकीं केवळ मत्तयांतच आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस तो ठाऊक असेल, तरी थोडक्यांत सांगणें इष्ट. एक धनी पहांटेस चौकांत जाऊन मजूर ठरवितो. दिवसाचा एक दीनार, असा करार होतो. हा दीनार म्हणजे त्या काळीं साध्या मजुराचा एक दिवसाचा रोज. पुढें नऊच्या सुमारास, दुपारीं, तिसऱ्या प्रहरीं तो पुन्हां जातो व आणखी माणसें लावतो. शेवटीं दिवस मावळावयास एकच तास उरला असतां तो चौकांत येतो, तों कांहीं माणसें उभींच आहेत. 'दिवसभर रिकामे कां उभे?' असें विचारतां तीं सांगतात कीं आम्हांस कोणी कामावर घेतलेंच नाहीं. त्यांसही तो पाठवितो. संध्याकाळीं मजुरी वांटतांना तो कारभाऱ्यास सांगतो कीं शेवटच्यांपासून सुरुवात कर. शेवटच्यांस एक दीनार मिळतो. तें पाहून पहिल्यांस अधिकाची आशा लागते. त्यांसही एकच मिळतो, आणि तीं कुरकुर करूं लागतात.

वाचन संपल्यावर पहिल्यानें गुरुजी बोलले, आणि ते प्रामाणिकपणें बोलले, हें आम्हांस प्रथम नमूद केलें पाहिजे. ते म्हणाले, 'ही गोष्ट मी चाळीस वर्षें ऐकतों आहें, आणि चाळीस वर्षें मला ती अडते. बारा तास उन्हांत राबणाऱ्यास आणि तासभर काम करणाऱ्यास सारखा रोज, हा न्याय नव्हे. आज मीं असें केलें तर उद्यां सकाळीं सातला माझ्या शेतांत कोण येईल? सारे पांचलाच येतील.' दोघेतिघे हंसले. हा आक्षेप क्षुल्लक नाहीं. ज्यानें मजूर लावून शेती केली आहे त्यासच तो सुचूं शकतो. पुस्तकी टीकाकार या ठिकाणीं औदार्यावर दोन पानें लिहून पुढें जातो. उद्यां सकाळची चिंता त्याला नसते.

मग दारापाशीं बसलेल्या बाई बोलल्या. 'गुरुजी, ते उशिरां आले नव्हते. ते सकाळपासून उभेच होते. त्यांना बोलावलं उशिरां.' आणि थोडें थांबून त्यांनीं आणखी एक गोष्ट दाखविली, जी आम्हीं हा दाखला अनेकदां वाचूनही कधीं पाहिली नव्हती. पहिल्यांचा रोज ठरला होता. मागाहून आलेल्यांचा ठरलाच नव्हता. त्यांस धनी एवढेंच म्हणाला होता कीं जें योग्य असेल तें देईन. आणि अगदीं शेवटच्यांस तर, त्या प्राचीन प्रतींप्रमाणें, तेंही नाहीं, नुसतें 'जा' म्हणून सांगितलें होतें. 'आमच्यांत रोजानं जाणारा निराळा आणि गुत्त्यानं जाणारा निराळा. हे रोजानं नव्हते आणि गुत्त्यानंही नव्हते. भरवशानं गेले होते. तासाभरासाठीं भरवशानं जायला किती गरज लागत असेल!'

पडवींत कोणी कांहीं बोललें नाहीं. आम्हांस त्या वेळीं त्या शांततेचें कारण कळलें नाहीं. तें परत येतांना वाटेंत आमच्या स्नेह्यानें सांगितलें. त्याच आठवड्यांत या बाई गुरुजींच्या शेतांत काढणीस गेल्या होत्या. नातवास ताप भरल्यामुळें त्यास उदगीरला दवाखान्यांत नेऊन त्या दुपारीं शेतावर पोंचल्या, आणि संध्याकाळीं त्यांस अर्धी हजेरी मिळाली. त्यांत अनीतीचें कांहीं नव्हतें. गांवची रीतच ती. परंतु ही गोष्ट त्या पडवींतील प्रत्येकास माहीत होती, आणि तिच्याविषयीं अवाक्षर न काढतां सर्व जण द्राक्षमळ्याच्या धन्याची गोष्ट वाचीत होते.

हेंच गुरुजी आपल्या घरीं, कंदिलाच्या किंवा विजेच्या उजेडांत, तोच अध्याय एकटे वाचीत असते तर? त्यांनीं त्यावर विचार केला नसता असें आम्ही म्हणत नाहीं. ते विचारी गृहस्थ आहेत. परंतु एकांतांत वाचणारा मनुष्य गोष्टींतील स्वतःची जागा स्वतःच निवडतो, आणि ती बहुधा फार अवघड जागा नसते. जमीनधारक वाचक उदार धन्याच्या जागीं बसतो आणि त्याच्या औदार्याचें कौतुक करतो. कष्टाळू वाचक पहिल्या मजुरांच्या जागीं बसून रुसतो. शेवटच्या मजुरांच्या जागीं, ज्यांस कोणी बोलाविलेंच नाहीं अशांच्या जागीं, सुस्थितींतील सुशिक्षित वाचक क्वचितच जाऊन उभा राहतो, कारण तेथें उभें राहण्याचा प्रसंग त्यावर सहसा येत नाहीं. मंडळींत बसून वाचतांना ती जागा कोणीं तरी आधींच धरलेली असते. तिच्याकडे न पाहणें कठीण जातें.

एकांतवाचनाची थोरवी कमी लेखण्याचा आमचा हेतु नाहीं. ख्रिस्ती धर्माकडे वळलेल्या महाराष्ट्रांतील दोन अत्यंत बुद्धिमान व्यक्तींची कहाणी एकांतवाचनापासूनच सुरू होते. सिल्चर येथें राहत असतां पंडिता रमाबाईंच्या हातीं पतीच्या ग्रंथसंग्रहांतून लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत आली. नारायण वामन टिळकांस आगगाडींत एका अनोळखी युरोपियन प्रवाशानें नव्या कराराची प्रत दिली. ती वाचतां वाचतां त्यांचें मन पालटलें, आणि १८९५ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. मात्र वाचन एकाचें आणि त्याचा आघात दुसऱ्यावर, असें कधीं कधीं होतें, हें 'स्मृतिचित्रें' वाचलेल्या कुटुंबांस सांगावयास नको. लक्ष्मीबाईंस त्या वाचनांत वांटा नव्हता. ताटातुटींत मात्र पुरा वांटा मिळाला. रमाबाईंविषयीं आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी वाटते. त्यांस संस्कृत उत्तम येत होतें, इंग्रजी येत होतें. स्वतःपुरतें शास्त्र वाचावयास त्यांस कशाचीही उणीव नव्हती. तरी केडगांवच्या मुक्तिसदनांत त्यांनीं हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास करून सबंध पवित्र शास्त्र सोप्या मराठींत उतरविण्याचें काम अंगावर घेतलें, आणि १९२२ सालीं देह ठेवण्यापूर्वीं तें पुरें केलें. हे कष्ट एकट्या वाचकासाठीं नव्हते. दारापाशीं बसणाऱ्या बाईस शब्द कळावा, म्हणजे तिला उत्तर देतां येईल, यासाठीं ते होते.

असो. पडवींतील ती शांतता पाळकांनीं मोडली. ते तरुण आणि सौम्य स्वभावाचे होते. ते म्हणाले कीं, या दाखल्याचा अर्थ लौकिक मजुरीचा नव्हे. देवाची कृपा कोणाच्या कमाईनें मिळत नाहीं, हा याचा बोध होय. हा अर्थ त्यांनीं कांहीं पदरचा सांगितला नाहीं. प्राचीन काळापासून थोर भाष्यकारांनीं दिवसाचे हे तास म्हणजे मनुष्याच्या आयुष्याच्या अवस्था, किंवा जगाच्या इतिहासाचीं युगें, असा अर्थ लाविला आहे. ऑगस्टीनसारखा आचार्यही त्यांत आहे. शिवाय मत्तयांतील मागचा भाग पाहिला तर या अर्थास बळकटीच येते. तेथें पेत्र विचारतो कीं, आम्हीं सर्व सोडून तुमच्या मागें आलों, तर आम्हांस काय मिळणार? त्या प्रश्नास जोडूनच हा दाखला येतो. तेराव्या शतकांत अध्यायांची जी विभागणी रूढ झाली तिनें प्रश्न एकोणिसाव्यांत ठेवला आणि दाखला विसाव्यांत. म्हणून अध्यायागणिक वाचणाऱ्या मंडळीस हा सांधा दिसत नाहीं. तात्पर्य, हा दाखला मुळांत आधीं आलेल्यांस सांगितलेला आहे, आणि पाळकांचा अर्थ खोटा नव्हता.

तथापि तो फार लवकर आला, असें आमचें मत आहे. ज्याच्या कानीं मजुरी हा शब्द नीट पडला नाहीं, त्यास कृपा या शब्दाची किंमत कशी कळावी? मोशेच्या नियमशास्त्रांत मजुराचा रोज सूर्य मावळण्यापूर्वीं द्यावा अशी आज्ञा आहे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्यावर लागलेला असतो. दाखल्यांतील धनी संध्याकाळींच मजुरी वांटतो तो या आज्ञेस अनुसरून. अर्धा दीनार दिला असता तर हिशेब बरोबर झाला असता, पण घरीं भाकरी अर्धी झाली असती. पोरांचीं पोटें त्या दिवसापुरतीं अर्धीं होत नाहींत. स्वर्गीय अर्थ या भाकरीवर उभा आहे. ती खालून काढून घेतली तर वरचा अर्थ गोड लागतो, आणि कोणासही कांहीं द्यावें लागत नाहीं.

आम्हांस स्वतःस या गोष्टींत अधिक विचार करावयास लावणारी बाब निराळीच आहे: शेवटच्यांस आधीं मजुरी कां? पहिल्यांस आधीं त्यांचा ठरलेला दीनार देऊन वाटेस लाविलें असतें, तर तीं समाधानानें घरीं गेलीं असतीं. भांडणच उद्भवलें नसतें. हल्लींच्या कचेऱ्यांतून एकाचा पगार दुसऱ्यास कळूं न देण्याची जी दक्षता घेतली जाते ती याच धोरणानें. द्राक्षमळ्याचा धनी हें मुद्दाम टाळतो. पहिल्यांनीं शेवटच्यांची ओंजळ पाहावी, अशी त्याची इच्छा दिसते. त्यांचा राग स्वतःस कमी मिळाल्याचा नाहीं; कराराप्रमाणें पुरें मिळालें आहे. दुसऱ्यास मिळालेलें डोळ्यांसमोर पाहवत नाहीं, हें त्यांचें दुखणें. आणि तें दुखणें एकमेकांच्या समक्षच उघडें पडूं शकतें. जो दाखला स्वतःच असा सर्वांस एका रांगेंत उभें करतो, तो एकट्यानें वाचून पुरता कसा वाचला जावा?

या दाखल्याचा आपल्या देशाशीं जो संबंध आला आहे तोही येथें आठवतो. जॉन रस्किन यानें १८६० सालीं अर्थशास्त्रावर चार निबंध लिहिले. त्यांच्या पुस्तकास त्यानें जें नांव दिलें, 'अन टु धिस लास्ट', तें या धन्याच्याच तोंडचे शब्द होत. १९०४ सालीं तें पुस्तक गांधीजींनीं जोहान्सबर्गहून डर्बनला जातांना आगगाडींत वाचलें. (टिळकांस नवा करार आगगाडींत, गांधीजींस रस्किन आगगाडींत, एकांतवाचनाचें तीर्थक्षेत्र म्हणून आगगाडीकडे कोणीं तरी लक्ष द्यावयास हवें.) त्या रात्रीं त्यांस झोंप आली नाहीं. परंतु गांधीजी एकटे वाचून थांबले नाहींत. त्याच वर्षीं फीनिक्स येथें वसाहत काढून, सर्वांनीं शरीरश्रम करावे आणि सर्वांस निर्वाहापुरतें सारखें वेतन असावें, असा प्रयोग त्यांनीं माणसांत बसून केला. १९०८ सालीं त्या पुस्तकाचा सारांश त्यांनीं गुजरातींत दिला आणि त्यास 'सर्वोदय' हें नांव दिलें. पुढें १८ एप्रिल १९५१ रोजीं विनोबांस पोचमपल्ली येथें भूदानाचा मार्ग दिसला, तो जाहीर सभेंत. जमीन मागणारे भूमिहीन आणि जमीन देणारा गृहस्थ दोघेही समोरासमोर होते. तें गांव त्या वेळच्या हैदराबाद राज्यांतलें. देवणीही तेव्हां त्याच राज्यांत होती. भूदानाच्या पुढच्या हिशेबांत पुष्कळ निकस जमीन आणि पुष्कळ न वांटलेली जमीन निघाली, हें खरें. तरी पहिला शंभर एकरांचा शब्द जो दिला गेला तो मागणाऱ्यांचीं तोंडें समोर दिसत असतां दिला गेला.

यावरून चारचौघांत वाचलें म्हणजे सर्व साधलें, असा समज कोणीं करूं नये. मंडळीचें न्यायालय व्हावयास वेळ लागत नाहीं. वचनांचा उपयोग आरशासारखा न होतां दगडासारखाही होतो, आणि मग ज्याच्या हाती दगड आहे तो धार्मिक ठरतो. त्या संध्याकाळीं एखाद्या तरुणानें उठून 'गुरुजी, मग अर्ध्या हजेरीचें काय?' असें विचारलें असतें, तर आम्हांस तें धैर्य वाटलें असतें कीं उद्धटपणा, हें सांगवत नाहीं. उलट सर्वांनीं मिळून एखादी गोष्ट न बोलण्याचें ठरविलें, तर समूहाची शांतता ही एकाच्या शांततेहून कितीतरी दाट असते. अशा वेळीं एकट्यानें वाचलेलेंच उपयोगी पडतें. रमाबाईंनीं बाप्तिस्म्यानंतरही आपल्या चर्चच्या अधिकाऱ्यांशीं मतभेद केले ते स्वतः वाचून, स्वतः तोलून.

पडवींत झालें तें या दोहोंपैकीं एकही नव्हे. पाळकांचें बोलणें संपल्यावर गुरुजी चष्मा पुसत बसले होते. त्या बाईच पुन्हां बोलल्या. आवाज चढलेला नव्हता, उलट किंचित् हंसरा होता. 'मी मात्र खरंच उशिरां गेले, गुरुजी. मला कोणी चौकांत उभं ठेवलं नव्हतं. माझा हिशेब निराळा.'

जी गोष्ट सर्व जण टाळीत होते ती त्यांनींच अशी सहज मध्यें ठेवली, आणि दाखल्याचा फायदा घेण्याचें नाकारलें. त्यांचें म्हणणें तर्कास धरून होतें. दाखला त्यांच्या प्रसंगास तंतोतंत लागू पडत नव्हता, हें त्यांस आमच्यापेक्षां आधीं कळलें होतें. परंतु गुरुजींस त्यामुळें सुटल्यासारखें वाटलें असें दिसलें नाहीं. त्यांनीं पुस्तक पुन्हां उघडलें, बोट फिरवीत ते तीं वचनें मनांतल्या मनांत वाचूं लागले, आणि बऱ्याच वेळानें म्हणाले, 'मावशी, नातू कसा आहे?' 'उतरला ताप,' त्या म्हणाल्या.

राहिलेली अर्धी हजेरी पुढें दिली गेली कीं नाहीं, हें आम्हीं विचारलें नाहीं. विचारण्याचा आम्हांस अधिकार नव्हता. निघण्यापूर्वीं पाळकांनीं पुढच्या आठवड्याचा भाग सांगितला. त्याच अध्यायांत पुढें दोघां शिष्यांची आई येऊन, आपल्या मुलांस राज्यांत उजव्या व डाव्या हातास जागा मिळावी अशी मागणी करते. म्हणजे दाखला संपून फार वेळ झाला नाहीं तोंच आधीं आलेल्यांनीं पुन्हां रांग लाविली. त्या आईचें बोलणें कोण वाचील, असें पाळकांनीं बायकांकडे पाहून विचारलें. सगळ्या एकमेकींकडे पाहूं लागल्या. शेवटीं गुरुजींची पत्नी म्हणाली, 'वाचीन मी,' आणि आम्ही आपापल्या चपला शोधूं लागलों.